गज नसलेलं पिस्तूल

करोनाच्या नियमांत नाताळच्या तीन दिवसांपुरती दोनाऐवजी तीन पाहुण्यांना परवानगी, हे सुमेधानं टीव्हीवर ऐकलं आणि लगेच फोन फिरवले. सौमित्र, मीनल आणि ईशानी. बरोब्बर तीन. गणपतीनंतर मुलगा, सून आणि मुलगी एका टेबलाशी बसलेच नव्हते. त्यातून नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ह्या घरातला हा शेवटचा नाताळ. एकतीस वर्षं इथं काढल्यावर मार्चमध्ये ती आणि हेमचंद्र लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये जाणार होते. ह्या घराच्या शिडीसारख्या उभ्या जिन्यापुढे हेमचंद्रांच्या गुडघ्यांनी हात टेकले होते.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास ती अळूवड्या तळत होती. खिडकीतून तिला मीनल बसथांब्याकडून चालत येताना दिसली. एकटीच. खांद्याला लॅपटॉपची बॅग, तोंडावर मास्क.

"सौमित्र कुठंय?" दार उघडताच सुमेधानं विचारलं.

"ईशानीला घ्यायला द हेगला गेलाय, आई. येतील अर्ध्या तासात."

"मग तूही गाडीतूनच यायचंस. आज बस तासाला एक असेल."

"मला जरा लवकर यायचं होतं. बाबांशी काम होतं." मीनल हात धुवायला बेसिनकडे गेली. नीट वीस सेकंद धुतले आणि वळून म्हणाली, "काय मस्त वास सुटलाय!"

लायडनला एका घरात राहणारी दोन माणसं नाताळच्या दिवशी दोन वाटांनी येतात, ह्यात काहीतरी होतं. पण सुमेधानं वडी उलटली आणि तोंड बंद ठेवलं. मीनल तशीही इथं एकटी यायला सरावली होती. मार्चमध्ये लग्नं, परिषदा, मेळावे सगळं बंद पडलं आणि तिची कार्यक्रम आखणाऱ्या कंपनीतली नोकरी गेली. मे महिन्यापासून ती दर गुरुवारी येऊ लागली, सासऱ्यांच्या पिस्तुलांची सूची करायला.

माळ्यावर हेमचंद्रांची सत्तावीस पिस्तुलं होती. एका देशात घडवलेली आणि दुसऱ्याच देशाच्या नौदलासाठी घडवलेली, एवढीच ते घेत. बेल्जियममध्ये बनून पोर्तुगालच्या जहाजांवर गेलेली, इंग्लंडात बनून तुर्कांकडे गेलेली. सगळी ठासणीची, दीडशे वर्षांपलीकडची, परवाना न लागणारी. लोक तिकिटं जमवतात, हे लोखंड जमवतात, एवढंच सुमेधाचं त्यावर मत होतं. पण ह्या वर्षी त्या लोखंडानं घरात गंमत आणली होती. हेमचंद्रांना गुडघ्यांमुळे वर चढता येत नव्हतं आणि साथीमुळे मीनलला त्यांच्या जवळ बसता येत नव्हतं. मग मीनल माळ्यावर, हेमचंद्र खाली दिवाणखान्यात, आणि एकाच घरात दोघांचा व्हिडिओ कॉल. ती वरून एकेक पिस्तूल कॅमेऱ्यासमोर धरायची, हे खालून बोलायचे. जिन्यातून आवाज आधी यायचा आणि फोनमधून मागून.

साडेअकराला गाडी थांबली. सौमित्र आणि ईशानी आत आले. कोणी कोणाला मिठी मारली नाही. सौमित्रनं दोन्ही हात जोडून आईला नमस्कार केला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. लायडनला औषधांवर संशोधन करणाऱ्या एका कंपनीत तो डेटा सांभाळायचा, आणि हे वर्ष त्याच्या कामाला सुट्टी देणारं नव्हतंच.

"वाळलास," सुमेधा म्हणाली.

"व्हिडिओत जाड दिसतो ना मी," तो म्हणाला आणि मीनलकडे न बघता कोट टांगायला गेला.

*

हेमचंद्रांनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. जेवणाचं टेबल आणि बागेतलं टेबल एकापुढे एक जोडून लांबलचक पंगत केली होती, खिडकी वीतभर उघडी ठेवली होती आणि प्रत्येकाच्या खुर्चीवर एक शाल. बोलायचं मात्र जेवण झाल्यावर. चाळीस वर्षं त्यांनी जहाज कंपन्यांच्या संगणकांसाठी बैठका घेतल्या होत्या. भुकेल्या माणसांपुढे महत्त्वाचा विषय काढायचा नसतो, हे त्यातूनच ते शिकले होते.

अळूवड्या झाल्या, मटारची उसळ झाली, क्वार्क ह्या इथल्या चक्क्याचं श्रीखंड झालं. ईशानीनं द हेगमधल्या तिच्या कार्यालयाच्या गमती सांगितल्या. आंतरराष्ट्रीय कायद्याचं मोठमोठ्या लोकांचं सगळं काम आता पायजम्यावर चालतं, म्हणाली. सुमेधा हसली. सौमित्रही हसला, पण जरा उशिरा.

हेमचंद्रांनी वाटी बाजूला सारली.

"आता ऐका. माळ्यावरच्या सत्तावीस जणांचं काय करायचं ते मी ठरवलंय."

"नवीन फ्लॅटवर नेणार नाही असं म्हणालात," सुमेधा घाईनं म्हणाली.

"नाही नेणार. जागाच नाही. अँटवर्पच्या एका माणसाला हवी आहेत, पण तो सुटी करून विकेल. एका संग्रहालयाला त्यातली पाचच हवीत. मला ती फोडायची नाहीत. चौतीस वर्षं एकत्र आणलीत ती." त्यांनी पाणी प्यायलं. "एकोणीस नंबरचं तुम्हाला माहीत असेल."

कोणाला माहीत नव्हतं. फक्त मीनलनं मान खाली घातली.

"एकोणीस नंबर मी अठ्ठ्याण्णव साली आणलं. बेल्जियमच्या लिएजमध्ये घडलेलं. दस्त्यावर नांगराचा शिक्का. ठासणीच्या पिस्तुलाला नळीखाली एक गज असतो. दारू आणि गोळी आत ठासायची ती सळई. ह्याला तो नव्हता. मी ठरवलं, डच नौदलाचं आहे, गज हरवला आणि कुण्या अडाणी लोहारानं त्याची खाच बुजवली. बावीस वर्षं मी तसा गज शोधत होतो. बेल्जियममधला एकही जुना बाजार सोडला नाही. सुमेधा, तुला आठवतं, आपण पॅरिसला म्हणून निघालो आणि नामूरलाच राहिलो?"

"मला न आठवायला काय झालं!"

"जूनमध्ये ही वरून म्हणाली, बाबा, इथे खाच बुजवलेली नाहीये. खाच कधी नव्हतीच." हेमचंद्रांनी मीनलकडे बोट केलं. "मी तिला म्हटलं, तू आठ आठवडे ह्यात आहेस आणि मी चौतीस वर्षं. ही म्हणाली, हो, पण टॉर्च माझ्या हातात आहे."

ईशानी खळखळून हसली.

"मी पंधरा दिवस हिच्याशी बोललो नाही. त्या पंधरा दिवसांत हिनं काय केलं? लिएजच्या दप्तरखान्यानं टाळेबंदीत जुने कागद इंटरनेटवर टाकले, त्यातली एका कारखानदाराची पत्रं वाचून काढली. मशीनवर भाषांतर करत, एकेक पान. आणि ऑगस्टात मला पत्र दाखवलं. ब्राझीलच्या नौदलासाठी साठ पिस्तुलं, गजाशिवाय. गज बोटीवरच्या पेटीत वेगळे ठेवायचे. जे मी बावीस वर्षं शोधलं ते कधी अस्तित्वातच नव्हतं!" ते एवढ्या आनंदानं बोलत होते की एखाद्याला वाटावं, त्यांचंच म्हणणं खरं ठरलंय. "तर, सगळा संग्रह मी मीनलला देणार आहे. बारा जानेवारीला नोटरीची वेळ घेतलीय."

त्यांना वाटलं होतं, टाळ्या नाही तरी निदान गलका होईल. पण खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं कागदी रुमाल उडाला आणि तो कोणीही उचलला नाही.

*

सौमित्र ताटातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत होता. समोर बसलेली ईशानी त्याच्याकडे एकटक बघत होती आणि तिला काय म्हणायचंय ते त्याला कळत होतं. तिला त्यानं नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं. आज नाही, असं तिघांचं ठरलं होतं. नवीन वर्ष लागू दे, आईबाबांचं घर हलू दे, मग सांगू.

"बाबा," ईशानी म्हणाली, "बारा जानेवारी नको. जरा पुढे ढकल."

"का?"

"असंच. घाई कशाला?"

"मार्चमध्ये घर हलतंय आणि घाई कशाला?"

"तुझ्याकडे सगळी माहिती नाहीये, म्हणून." ईशानीचा सूर कार्यालयातला झाला. "दादा, तू बोलतोस का?"

सौमित्रनं तोंड उघडलं. मनात शब्द डचमध्ये आले, मग इंग्रजीत, आणि मराठीत यायच्या आधीच मीनल बोलली.

"आम्ही वेगळे होतोय, बाबा."

तिनं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की सुमेधाला आधी वाटलं, घर बदलण्याबद्दल चाललंय.

"वेगळे म्हणजे?" सुमेधा म्हणाली.

"मी फेब्रुवारीपासून हार्लेमला राहणार आहे. घटस्फोटाचा अर्ज वसंतात करू. भांडण नाही, आई. कोणी तिसरं माणूसही नाही. दोन खोल्यांत सात महिने राहिलो आणि कळलं, की आम्ही आधी जे एकमेकांशी बोलत होतो ते सगळं तिसऱ्याच कशाबद्दल होतं. प्रवास, मित्र, कामं. ते बंद पडलं आणि बोलायला काही उरलंच नाही."

"कधी ठरलं हे?"

"ऑक्टोबरात," सौमित्र म्हणाला.

"ऑक्टोबरात! आणि मी नोव्हेंबरात तुम्हाला दोघांना मिळून फराळाचा डबा पाठवला. चकल्या कशा झाल्या म्हणून विचारलं तर दोघांनी एकाच फोनवरून सांगितलं, मस्त झाल्या!" सुमेधा उठली आणि ताटं गोळा करायला लागली. मग थांबली, हातातली ताटं परत ठेवली. "ईशानी, तुला माहीत होतं?"

ईशानीनं मान हलवली.

"म्हणजे आम्हीच दोघं म्हातारे तेवढे बाहेरचे."

"आई, तसं नाही..."

"तसंच आहे." ती खाली बसली. शाल पुन्हा गुंडाळून घेतली, आणि मग जे मनात आलं ते स्पष्ट बोलली. "मग ती पिस्तुलं घरातच राहू देत. मीनल, तुझा राग नाही, पण चौतीस वर्षं ह्या कुटुंबानं ती सांभाळलीत. माझे रविवार गेलेत त्यात. ती सौमित्रकडे राहतील."

"बरोबर आहे तुमचं," मीनल म्हणाली. "मलाही तसंच वाटतं. मला नकोत, बाबा. सूची पूर्ण करून देईन. आज लॅपटॉप त्यासाठीच आणलाय."

 हेमचंद्रांना बातमीचा धक्का बसला होता. हात टेबलाच्या कडेवर घट्ट होते आणि नजर मुलावर होती. पण ते बोलले ते नेहमीच्याच सुरात.

"तुमच्या दोघांबद्दल मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्यावर मी आज काही बोलणार नाही, कारण मला विचारून तुम्ही लग्न केलं नव्हतं आणि विचारून मोडतही नाही आहात. पण हे दुसरं जे आहे, त्यात काय बदललं?"

"काय बदललं?" सुमेधा म्हणाली. "अहो, ती सून राहणार नाही."

"मी सुनेला देतच नव्हतो. मी मीनलला देतोय."

*

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. सौमित्र उभा होता.

"आणि मला का नाही?"

"तुला कधी आवड नव्हती."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"सौमित्र, ह्यात विचारायचं काय? लहानपणी तू कधी माळ्यावर..."

"लहानपणी मला माळ्यावर यायची परवानगी नव्हती, बाबा!" त्याचा आवाज चढला. तो अकरा वर्षांचा असल्यासारखा मराठीत बोलायला लागला, एकेक शब्द शोधून. "शाळेत सगळ्यांना एक विषय घेऊन वर्गापुढे बोलायचं होतं. मी तुम्हाला सांगितलं, मला पिस्तुलांवर बोलायचंय. एक नेतो, पोर्तुगालवालं. तुम्ही म्हणालात, हात लावायचा नाही, हे खेळणं नाही. दुसरा विषय घे. मी पवनचक्क्यांवर बोललो. वर्गात आणखी तीन मुलं पवनचक्क्यांवर बोलली होती."

हेमचंद्रांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. ते खरोखरच आठवून बघत होते.

"मला आठवत नाही," ते शेवटी म्हणाले.

"मला आठवतं."

"मग ते तसंच झालं असणार." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चुकलो मी. शाळेत पिस्तूल नेऊ दिलं नसतं, ते आजही देणार नाही. पण तुला वर नेऊन बसवायला हवं होतं. मला भीती होती, तुझ्या हातून पडेल. आणि मग तू विचारायचा थांबलास, ते मला सोयीचं वाटलं. ही माझी चूक." मग ते म्हणाले, "पण ती चूक भरून काढायला म्हणून मी आता तुला संग्रह देणार नाही. तुला त्यातलं एक हवं असेल तर सांग. कुठलंही. आत्ता घे."

सौमित्र जिना चढून वर गेला. वरची फळी कुरकुरली.

"बघितलंत?" सुमेधा म्हणाली. "एवढ्या वर्षांनी पोरगं बोललं आणि तुम्ही त्याला एक घे म्हणालात. चॉकलेट दिल्यासारखं."

"खोटं कसं बोलू, सुमेधा?"

ईशानी फोनवर काहीतरी शोधत होती. तिनं मान वर केली. "एक सांगू? मी थांब म्हणत होते ते मागे घेते. बाबाला माहीत नव्हतं म्हणून थांबवत होते. आता त्याला माहीत आहे आणि तरी त्याला द्यायचंय. मग प्रश्नच नाही. फक्त नोटरीच्या कागदात एक वाक्य घाला, की हे एकट्या मीनलला दिलंय, लग्नाच्या सामायिक मालमत्तेत धरायचं नाही. म्हणजे उद्या दादालाही त्रास नाही आणि हिलाही नाही."

"तू कोणाच्या बाजूनं आहेस गं?" सुमेधानं विचारलं.

"आई, मी कागदाच्या बाजूनं आहे. तिथं माणसं कमी भांडतात."

मीनल उठली. "मी बघून येते त्याला."

*

माळ्यावर तिरप्या छताखाली सौमित्र वाकून उभा होता. मीनलनं दिवा लावला. काचेच्या कपाटात सत्तावीस पिस्तुलं सत्तावीस कापडी खाचांत आडवी होती, प्रत्येकाखाली तिनं टाईप केलेली चिठ्ठी.

"मी अकरा वर्षांनी आलो इथे," तो म्हणाला. "खालचा सोफा बदलला तेव्हा जुना वर ठेवायला आलो होतो."

"आता मास्क घाल. दीड मीटर अंतर नाहीये इथे."

"आपण एका घरात राहतो, मीनल."

दोघांनाही हसू आलं, आणि ते फार दिवसांनी आलं होतं.

"मला खरंच नकोत, सौमित्र. मी भांडत नाहीये ह्यासाठी."

"माहीत आहे. म्हणूनच बाबांना द्यायचीत." तो कपाटासमोर उकिडवा बसला. "कुठलं ते एकोणीस?"

तिनं हातमोजे दिले, त्यानं घातले. तिनं पिस्तूल काढून त्याच्या तळहातांवर ठेवलं. वजनानं त्याचे हात खाली गेले.

"बापरे, जड आहे!"

"गोळी एकच. ती झाडली की मग हे उलटं धरून डोक्यात घालायचं. म्हणून दस्त्याला पितळ. लोखंड समुद्रावर गंजतं. आणि हा बाजूचा आकडा कमरपट्ट्यात अडकवायला. दोन्ही हात दोरखंडाला लागतात ना, जहाजावर चढताना." ती टॉर्च लावून नळीखाली दाखवत होती. "बघ, लाकडाचे धागे सलग गेलेत. भोक बुजवलं असतं तर इथे तुटले असते. एवढंच मी पाहिलं. बाबांनी ते हजारदा पाहिलं असेल, पण ते नसलेली वस्तू बघत होते."

सौमित्रनं धाग्यांवरून बोट फिरवलं. ती बोलत असताना तिचा चेहरा कसा दिसतो ते त्यानं वर्षभरात पाहिलंच नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात ती अशी कधी दिसली नाही. त्यात तिचा दोष नव्हता, आणि आता विचार करता, त्याचाही नव्हता.

मीनलचा फोन वाजला. पडद्यावर हेमचंद्र, खालच्या जिन्याच्या कठड्याला धरून.

"तो आहे का तिथं?"

"आहे, बाबा. एकोणीस त्याच्या हातात आहे."

"कॅमेरा त्याच्याकडे कर." त्यांनी मुलाकडे काही क्षण पाहिलं. "नीट धरलंयस. मग, कुठलं घेतोस?"

"एकही नाही," सौमित्र म्हणाला.

"रागावून म्हणू नकोस."

"रागावून नाही. तुम्हीच म्हणालात, फोडायची नाहीत. मी एक घेतलं तर सव्वीस राहतील, आणि ते एक माझ्या कपाटात मोज्यांखाली पडेल." तो अडखळला, मग पुढचं त्याला मराठीत बरोबर सापडलं. "तिला द्या, बाबा. सगळी द्या. इतक्या वर्षांत तुम्हाला चूक म्हणणारं एकच माणूस ह्या माळ्यावर चढलं. मी खालूनच रागावत राहिलो."

 मग हेमचंद्रांचा आवाज आला, आधी जिन्यातून आणि मागून फोनमधून.

"कधीतरी गुरुवारी तूही ये. तीन नंबरबद्दल माझं आणि हिचं अजून पटत नाहीये. तिसरं माणूस लागेल."

"बघतो," सौमित्र म्हणाला. त्यानं पिस्तूल मीनलच्या हातात परत दिलं आणि तिनं ते कापडात ठेवताना दिवा धरला.

*

खाली येताना मीनलला वाटलं, सुमेधा आता आपल्याशी बोलणार नाही. पण ती जिन्याच्या पायथ्याशीच उभी होती.

"तो काय म्हणाला ते ऐकलं मी. भिंती पातळ आहेत. त्याचं ठरलं असेल तर माझी हरकत नाही." तिनं पदराऐवजी शालीच्या टोकानं डोळे पुसले. "पण मला एक सांग. आता तू कोण म्हणून येशील ह्या घरी?"

 "माहीत नाही, आई. पण येईन बसनंच. सव्वादहाच्या."

"बसचं विचारलं का मी?" सुमेधा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला हसू फुटलं, रडणंही. तिनं हात पुढे केला, मधेच थांबवला, मग "जाऊ दे ते सरकार" म्हणून मीनलचा दंड घट्ट धरला. "नवीन घराचा थांबा वेगळा आहे. लिहून देते. आणि मला आईच म्हण. दुसरं काही आता ह्या वयात मला ऐकू येणार नाही."

ईशानीनं चहा टाकला होता. हेमचंद्र टेबलाशी चष्मा लावून बसले होते. त्यांच्यासमोर मीनलचा लॅपटॉप उघडा होता. एकशे चाळीस पानं, सत्तावीस प्रकरणं, शेवटी लिएजचं पत्र. छापायला द्यायचं म्हणजे पहिलं पान हवं होतं, आणि तेवढंच कोरं होतं.

"हे का नाही भरलंस?" त्यांनी विचारलं.

"नाव कसं लिहायचं ते कळेना," मीनल म्हणाली. "आधी मी दोन्हींकडे सबनीस लिहिलं होतं. हेमचंद्र सबनीस, मीनल सबनीस. मग पुसलं."

"आता काय नाव आहे तुझं?"

"घारपुरे. लग्नाआधीचं. वसंतात कागदावर येईल. तोवर तुमचं एकट्याचं लिहा, बाबा. काम तुमचंच आहे. मी टॉर्च धरला."

"टॉर्च धरणाऱ्याचंच काम असतं ते." हेमचंद्रांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, ते टाईप करायला लागले. सौमित्र त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. दीड मीटरचं कोणी काही म्हणालं नाही.

त्यांनी एक ओळ लिहिली, खाली दुसरी लिहिली आणि लॅपटॉप मीनलकडे फिरवला. वर मीनल घारपुरे होतं. खाली हेमचंद्र सबनीस.

"बाबा, हे उलटं झालं."

"अजिबात नाही. लेखकांची नावं आडनावाच्या आद्याक्षरानं लावतात. जी आधी, मग एस." त्यांनी चहाचा कप उचलला. "सबनीस राहिली असतीस तर मी पहिला आलो असतो."